लोखंडी पात्याची क्षमा

पेडणे तालुक्यात गोल्फ हा शब्द खेळापेक्षा वादामुळेच अधिक परिचित झाला. तेरेखोल गावी गोल्फच्या मैदानासह मोठे हॉटेल उभारण्याची योजना पुढे आली, ग्रामस्थांनी आपल्या जमिनींसाठी तिला विरोध केला, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या वादाचा निवाडा हा आजचा विषय नव्हे. परंतु अठरा खळग्यांच्या मैदानाला पन्नास हेक्टरांच्या आसपास जागा का लागते, हा प्रश्न त्यातून साहजिकच सुचतो. त्याचे एक कारण असे की, या खेळातला चेंडू लांब जातो आणि पुष्कळदा नको तिकडे जातो. तो तसा का जातो आणि काठीच्या पात्याची घडण त्याला कितपत आवर घालू शकते, हे पाहणे उद्बोधक आहे.

गोल्फच्या चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. त्यावर आघात करणारे ‘आयर्न’ काठीचे पाते पाव किलोपेक्षा थोडेसे जड असते. दोघांचा स्पर्श सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग टिकतो. तेवढ्यात सारे ठरून जाते. चेंडू पात्याच्या बरोबर मध्यावर बसला तर आघाताचे सारे बळ त्याला मिळते. तो कडेला बसला तर पाते हातात गर्रकन वळते. काही बळ त्या वळण्यात वाया जाते आणि चेंडू आखूड व तिरका पडतो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हा अनुभव नवा नाही. बॅटच्या कडेला चेंडू लागला म्हणजे तळहात झिणझिणतात, ते याच कारणाने.

आता डिचोलीच्या कुंभाराचे चाक डोळ्यांसमोर आणावे. त्याचे वजन मध्याशी नसून काठाशी असते. म्हणून ते एकदा फिरू लागले की सहजी थांबत नाही, आणि थांबलेले असले की सहजी फिरतही नाही. वजन मध्यापासून जितके दूर, तितका वळण्याला विरोध अधिक. आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच वजन मध्यापासून दीड सेंटिमीटरऐवजी तीन सेंटिमीटरांवर नेले, तर विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो.

हेच तत्त्व नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी गोल्फच्या काठीला लावले. १९५९ साली त्यांनी आपल्या राहत्या घराच्या गॅरेजात चेंडू हलकेच ढकलण्याची काठी, म्हणजे पटर, तयार केली. पुढे लोखंडी काठ्यांच्या पात्याची पाठ पोखरून तेथले वजन कडांकडे नेले. असे पाते कडेला लागलेल्या चेंडूनेही फारसे वळत नाही. खेळाडूंनी या गुणाला मोठे सुंदर नाव दिले आहे : क्षमाशीलता. अशा पात्याचा तळही सहसा रुंद असतो, त्यामुळे ते मातीत रुतत नाही. आणि वजन खाली असल्याने चेंडू सहज उंच उठतो.

मग जुनी, भरीव पाठीची पाती अजून का टिकून आहेत? कारण क्षमेलाही किंमत पडते. भरीव पाते लहान, पातळ आणि चपळ असते. चेंडू किंचित डावीकडे वळवावा, किंचित उजवीकडे, कधी खालून सरपटता न्यावा, ही मर्जी ते निमूटपणे पाळते. शिवाय फटका कोठे चुकला ते हाताला तत्काळ कळते. क्षमाशील पाते चूक झाकते, आणि झाकलेली चूक सुधारणे कठीण असते. आजच्या अनेक क्षमाशील काठ्यांत पात्याचा कलही कमी ठेवलेला असतो. चेंडू लांब जातो खरा, पण त्याला पाठीमागची फिरकी कमी मिळाल्याने तो पडल्यावर पुढे घरंगळत राहतो. लांबी मिळाली, ताबा गेला!

यातून निवड कशी करावी? सराईत हाताला आज्ञाधारक पाते शोभते. नवख्याला क्षमाशीलच हवे. ही गोष्ट क्षुल्लक नाही. आपल्या देशात खेळाडूंच्या थैल्या वाहणारी कॅडी मुले गोल्फ शिकत आली आहेत. एकेकाळी कॅडी असलेले अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. परंतु नव्याने शिकणाऱ्या गरीब मुलाच्या हाती कोणी टाकून दिलेली जुनी भरीव काठी आली, तर मैदानावरील सर्वांत कठोर हत्यार सर्वांत कच्च्या हातात पडते. दहा फटके वाकडे गेले की मुलगा समजतो, दोष आपल्या हाताचाच आहे, आणि खेळ सोडून देतो. तेथे हात आणि हत्यार यांचा मेळ बसलेला नसतो, एवढेच.

म्हणून शिकवणाऱ्याने प्रथम क्षमाशील पाते द्यावे, आणि हात स्थिरावला की हळूहळू ते कठोर पात्याकडे न्यावे. क्षमा उमेद टिकवते, कठोरता हात घडवते. कोणते केव्हा द्यायचे, हे मात्र लोखंडाला कळत नाही; ते शिकवणाऱ्यालाच कळावे लागते.