घामाचा हिशेब



आम्ही होमिओपॅथीवाले घामाबद्दल फार खोदून विचारतो. कुठे येतो, केव्हा येतो, कपड्यावर डाग पडतो का. फार घाम येणाऱ्यासाठी आमच्या पेटीत जबोरंडी असते. त्याच झाडातून १८७५ साली पायलोकार्पिन वेगळे काढले गेले. १९५९ साली गिब्सन व कूक यांनी ते सौम्य विजेने कातडीत उतरवून मुलांचा घाम गोळा केला. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचा घाम खारट असतो. लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड निघाले की त्या रोगाचा दाट संशय घेतात.

आता ही तपासणी मनगटावर आली आहे. २०१६ साली बर्कलेच्या वेई गाओ, अली जावे आणि सहकाऱ्यांनी साखर, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम आणि कातडीचे तापमान एकाच वेळी मोजणारा पट्टा दाखवला.

असा नमुना करायचा, तर खरी कसोटी रसायनाची नव्हे, विजेची आहे. सोडियम दहापट वाढले तर इलेक्ट्रोडवर जेमतेम ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. दुप्पट झाले तर १८. इलेक्ट्रोड दिवसभरात १० मिलिव्होल्ट सरकला, तर आकडा जवळजवळ दीडपट चुकतो! म्हणून सर्किटचा प्रवेशभाग इतका नाजूक हवा, की त्याने इलेक्ट्रोडमधून प्रवाह जवळपास ओढूच नये. बाकीचे काम फर्मवेअरचे. अनेक नोंदींची सरासरी काढणे, तापमानाप्रमाणे दुरुस्ती करणे, मधल्या वेळात चिपला झोपवून बॅटरी वाचवणे, आणि घामच नसेल तर आकडा न देता गप्प बसणे. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. (आम्हा डॉक्टरांनाही ते जमायला हवे.)

घामातल्या साखरेवर मात्र माझा भरवसा नाही. ती रक्तातल्या साखरेच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, कातडीवरची मळी आणि जुना घामही तिच्यात मिसळतो. मधुमेहाच्या रुग्णाने त्यावर इन्सुलिन ठरवू नये.

मिठाचे तसे नाही. आपल्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पॉवरलूमच्या शेडमध्ये उभा असलेला कारागीर कितीतरी घाम गाळतो. लिटरभर घामात ५० मिलिमोल सोडियम धरले, तर जवळजवळ तीन ग्रॅम मीठ गेले. तो मात्र माठातले साधे पाणी पीत राहतो. मग पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. अशा माणसासाठी पट्टा करायचा तर पाळी सुरू होण्यापूर्वी तो दोन ठरावीक ताकदीच्या मिठाच्या पाण्यात बुडवून तपासून घ्यावा, आणि पाळी सुटल्यावर पुन्हा एकदा.