फॉर्मवरचा ‘अल्पसंख्याक’ कोण?



मला विषय दिलाय ‘अल्पसंख्याकांचे लघुउद्योग आणि सरकारी मदत’. आधी एक गाठ सोडवू. बेळगावात आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत, हे खरंच. घटनेचं कलम ३० आपल्याला शाळा काढायचा हक्क देतं, ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमतं. पण कर्जाच्या अर्जावरचा ‘अल्पसंख्याक’ वेगळा. तिथं १९९२च्या कायद्याखाली केंद्रानं जाहीर केलेले सहा धर्मसमूह धरतात: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४पासून जैन. भाषेचा तिथं उल्लेखच नाही. घटनेनं भाषेला शाळेपर्यंत सोबत दिली, दुकानापर्यंत नाही.

मग आपल्या हाती काहीच नाही? आहे की! पीएमईजीपी घ्या. ही योजना मातृभाषा विचारत नाही. समजा, खेड्यात चार लाखांचा पापड-मसाल्याचा उद्योग काढायचा आहे. खुल्या गटातल्या मुलाला स्वतःचे १० टक्के, म्हणजे चाळीस हजार घालावे लागतात आणि अनुदान २५ टक्के, एक लाख. तोच उद्योग त्याच्या बहिणीनं काढला, तर महिला म्हणून ती विशेष गटात. स्वतःचे फक्त वीस हजार, अनुदान एक लाख चाळीस हजार. नुसतं नाव तिचं नको हं, धंदाही तिचाच हवा! एससी, एसटी, ओबीसींनाही हाच दर.

एक लक्षात ठेवा. अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. हे ठाऊक नसलं की ‘अनुदान बुडालं’ म्हणून लोक हप्ते थांबवतात आणि खरंच बुडतात.

खरी अडचण भाषेची येते ती कचेरीच्या दारात. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत, प्रश्न कन्नडमध्ये, आणि आपला काका गप्प. अशा वेळी दोन गोष्टी करा. बँकेनं अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. आणि तक्रार मराठीत द्या. कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं.

आपण कॉलेजची मुलं कन्नड वाचतो, इंग्रजी लिहितो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना जीएसटी आणि बिलं रोजची सवयीची. वडगाव-शहापूरच्या विणकराला यातलं कुणीतरी शेजारी बसायला हवंय. सरकारी प्रशिक्षण घ्याच, पण पहिला अर्ज भरताना आपल्या भाषेत समजावणारं माणूस आपणच व्हायचंय. महिन्यातून एक रविवार द्याल ना?