आजीचे माहेर

कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासूनच्या रायगडच्या) किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्राएल लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची आडनावे गावांवरून पडली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. त्यामुळे पुरुषाचा माग गावापर्यंत सहज लागतो. स्त्रीचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकातील लेक सासरी गेली, की सासरचे गाव तिच्या नावास चिकटे आणि नातवंडांपर्यंत माहेर लोपून जाई.

तिचे घराणे शोधू पाहणाऱ्याने प्रथम तिचा ‘केतुबा’, म्हणजे विवाहाचा करारनामा, मिळवावा. त्यात वधूच्या पित्याचे नाव, लग्नाचे स्थळ व तिथी असते. वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेले. ५६३० दिसल्यास इसवी सन १८६९-७० समजावे. पित्याचे नाव मात्र तेथे हिब्रू! मुंबईत १७९६ साली या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी होते. ही जोड न उमगल्यास एकाच पित्याचे दोन पुरुष होतात. म्हणून करारनाम्याची घडी उलगडण्यापूर्वी घरातील वृद्ध आत्याबाईंस विचारून घ्यावे, की आजीच्या वडिलांना गावात कोणत्या नावाने हाक मारीत.