लकव्यानंतरचं घर



शेजारच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांमधले मृत्यू तपासले. २०१५ साली निष्कर्ष आला: लकवा हे पहिलं कारण, सातपैकी जवळपास एक मृत्यू त्याचा. पण जे वाचतात, त्यांच्याबद्दल आपण फार बोलत नाही.

माझे अब्बा वाचले, उजवा हात मात्र लुळा पडला. कोरपन्याच्या घरी त्यांनी सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसणंच सोडलं. डाव्या हाताने कसं जेवायचं? इमामसाहेबांनी समजावलं, मजबुरीत डावा हात चालतो, नमाजही खुर्चीवर बसून होते. तेव्हा ते आमच्यात येऊन बसले.

शर्टाला बटणांऐवजी वेलक्रो लावलं, संडासात धरायला दांडा बसवला. अम्मी घास भरवायची, ते फिजिओथेरपिस्टने थांबवलं. कारण हात वापरला, तरच मेंदू नवी वाट शोधतो.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मालिश आणि झाडफुकीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. घरच्या मोठ्यांचं बीपी तपासत राहा. आणि आजारी माणसाचं काम हिसकावू नका. घरचा हिशोब आजही अब्बाच लिहितात.