लाजू नका, उपाय करा



म्हातारपणी किंवा अवघड बाळंतपणानंतर कुणाकुणाला शौच आवरत नाही. मग ते माणूस लाजेनं लग्नाला जात नाही, देवळात जात नाही. हे पाप नव्हे, दुखणं आहे. त्याला उपाय आहेत.

जेवणानंतर ठरल्या वेळी शौचाला बसा. एरवी गुदद्वार आवळा, पाच अंक मोजा, सैल सोडा. असं दहादा, दिवसातून तीनदा. डॉक्टर हा व्यायाम सांगतात. योगातली अश्विनी मुद्राही अशीच. योगाची शास्त्रीय पारख करायला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली आपल्या लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं.

कधी आत मळाचा खडा अडकतो नि बाजूनं पातळ झिरपतं. म्हणून जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका. आधी डॉक्टरला दाखवा. फाटलेला स्नायू शिवताही येतो.

घरातल्या म्हातारीवर रागावू नका. तिला दवाखान्यात न्या.