कागद कुणाच्या नावावर?



सातबाऱ्याचा उतारा तुमच्यापैकी अनेकांनी हाताळला असेल. जमीन कुणाच्या नावावर, हे गाव नमुना सात सांगतो. तिच्यात काय पिकलं, हे नमुना बारा. कसणारा आणि मालक एकच असतो असं नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. संगणकावरच्या कागदांच्या बाबतीत मात्र हा फरक विसरतो.

आमच्या वाचनालयात हेच झालं. सभांची जुनी इतिवृत्तं आणि गावकऱ्यांकडून मागून आणलेले फोटो एका होतकरू मुलाने चार महिने खपून स्कॅन केले, गूगल ड्राइव्हवर ठेवले आणि आम्हा सगळ्यांना लिंक पाठवली. आम्ही निर्धास्त झालो. पुढे तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला. खात्यातली जागा भरली, म्हणून त्याने ड्राइव्ह साफ केली. दोन महिन्यांनी आम्ही लिंक उघडली, तर काहीच नव्हतं. त्याला बोल कसा लावायचा? फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत त्याची मेल, त्याचे फोटो आणि वरून आमचं ओझं. फायली त्याच्या नावावर होत्या. आमच्याकडे होती ती फक्त वहिवाट.

ही वहिवाट तीन प्रकारची असते. व्ह्यूअर नुसतं वाचतो, कमेंटर शेरा लिहितो, एडिटर मजकूर बदलतो. मालकाने अडवलं नसेल, तर एडिटर इतरांनाही आत घेऊ शकतो. फोल्डर खुला केला की सहसा आतली प्रत्येक फाइल खुली होते. आणि ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडला, तर ती लिंक जिथे जिथे पोचेल तिथे दार उघडं. म्हणून आधार, पासबुक असले कागद नाव घालूनच द्यावेत आणि काम झालं की परवानगी काढून घ्यावी.

मालकी बदलायची तर फेरफार करावा लागतो. खाजगी खात्यात मालक दुसऱ्याला मालकी देऊ करतो, आणि समोरच्याने ती स्वीकारली की नोंद पक्की होते. फोल्डरची मालकी दिली म्हणून आतल्या फायलींची जात नाही. त्या वेगळ्या द्याव्या लागतात. मालकाने फाइल टाकून दिली, तर ती जास्तीत जास्त ३० दिवस कचरापेटीत राहते. तेवढ्या मुदतीत इतरांना प्रत काढून घेता येते, नंतर नाही.

वारसनोंदीचीही सोय आहे. खातं ३ ते १८ महिने वापरात नसेल, तर आपली माहिती कुणाकडे जावी, हे आधीच नेमून ठेवता येतं. हे घरच्या वडीलधाऱ्यांसोबत बसून करा. दोन वर्षं न उघडलेलं खाजगी खातं गूगल बंद करून पुसून टाकू शकतं.

आमच्या इतिवृत्तांच्या मूळ वह्या कपाटात होत्या, त्या आम्ही पुन्हा स्कॅन केल्या. परत दिलेल्या फोटोंपैकी काही मात्र पुन्हा हाती लागले नाहीत. आता खातं वाचनालयाच्या नावाचं आहे. कार्यकारिणी बदलली की कपाटाच्या किल्ल्यांबरोबर त्या खात्याचा ताबाही नव्या चिटणिसांकडे जातो, आणि तशी नोंद इतिवृत्तात होते.

तुमच्या मंडळाचे, सोसायटीचे, बचतगटाचे कागद आज कुणाच्या नावावर आहेत? तो माणूस हाकेच्या अंतरावर आहे, तोवर फेरफार करून घ्या.