सात नवरे आणि एक गुपित
(मंडळाच्या वाचनवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



टेलर जेंकिन्स रीड या अमेरिकन लेखिकेची ‘द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो’ ही कादंबरी २०१७ साली निघाली, आणि पुढे तरुण मुलींनी मोबाइलवरून एकमेकींना सांगत ती घरोघर पोहोचवली. आपल्याकडेही ती एका सूनबाईंच्याच हातून आली. नाव ऐकताच, “सात नवरे? आम्हांला एकच पुरे!” असे कोणीसे म्हणाले, आणि सगळ्याजणी हसल्या. हसण्यासारखे नाव आहेच. पण पुस्तक हसण्यावारी नेण्याजोगे नाही, असे मला वाटते.

एव्हलिन ही हॉलिवूडची ७९ वर्षांची नटी. कित्येक वर्षे मौन पाळल्यावर ती मोनिक नावाच्या अपरिचित पत्रकार मुलीला बोलावते आणि आपले आयुष्य सांगू लागते. मूळची ही क्यूबन आईबापांची मुलगी, आडनाव हरेरा. स्टुडिओने आडनाव बदलले, काळेभोर केस सोनेरी केले, आणि स्पॅनिश ही मायबोली तोंडातून नाहीशी झाली. हे कल्पित असले तरी निराधार नव्हे. रिटा हेवर्थ हिचे मूळ नाव मार्गारिटा कान्सिनो; तिचेही केस रंगवले, आणि कपाळ रुंद दिसावे म्हणून पुढचे केस विजेच्या सुईने मुळापासून काढले. केवढा हा सोस!

आता नवऱ्यांविषयी. पहिल्याशी लग्न केले ते घर सोडून हॉलिवूड गाठता यावे म्हणून. दुसऱ्यावर जीव होता, पण तो हात उचलणारा निघाला, आणि बाहेर मात्र दोघांची हसरी छायाचित्रे झळकत राहिली. एक लग्न चित्रपटाच्या जाहिरातीसाठी, एक लोकांची कुजबुज थांबावी म्हणून. तिचे खरे प्रेम होते सीलिया या दुसऱ्या एका नटीवर, आणि तेच झाकायचे होते. हॉलिवूडची नीतिनियमावली १९३४ पासून कडकपणे लागू झाली आणि १९६८ पर्यंत चालली. पडद्यावर असे प्रेम दाखवायला बंदी, आणि पडद्याबाहेर ते उघडकीस आले तर धंदा बुडालाच. आपल्या देशात तर अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुसला. तेव्हा “असला विषय मंडळात कशाला?” असे ज्या भगिनी म्हणाल्या, त्यांना माझे नम्र उत्तर एवढेच, की मंडळात नाही तर कोठे?

वाचताना मला सारख्या आठवत होत्या त्या हंसा वाडकर. रतन साळगावकर हे त्यांचे मूळ नाव. ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. पुढे १९७७ चा ‘भूमिका’ हा चित्रपट त्याच्याच आधाराने निघाला. व्यसन, पुरुष, फसगत, काहीही त्यांनी लपवले नाही. एव्हलिनचे चरित्र मात्र तिच्या मरणानंतर छापायचे असते. हंसाबाईंनी जिवंतपणी, आपल्याच माणसांत वावरत असताना सांगितले. १९७१ साली त्या गेल्या. धारिष्ट कोणाचे मोठे, हे मी सांगायला नको.

पुस्तकाचा शेवट मी फोडणार आहे. ज्यांचे वाचायचे राहिले आहे त्यांनी कान झाकावेत. हॅरी हा एव्हलिनचा जिवाभावाचा मित्र, आणि पाचवा नवराही तोच. दारूच्या नशेत तो गाडी आदळतो. शेजारी बसलेला त्याचा प्रियकर ठार होतो. हॅरीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून एव्हलिन त्या मेलेल्या माणसाला चालकाच्या जागी बसवते. पुढे हॅरीही जातो. तो मेलेला माणूस म्हणजे मोनिकचा बाप! बाप दारू पिऊन गाडी चालवताना मेला, असेच ती लेकरू वर्षानुवर्षे समजत आले.

येथे आपल्या वर्गात चांगलीच खडाजंगी झाली. बहुतेकजणी एव्हलिनला क्षमा करायला तयार होत्या. माणूस वाचवायला बाई काय काय करते, असे त्यांचे म्हणणे. मी तयार नाही. स्वतःचे प्रेम झाकणे हा तिचा हक्क, त्यात कोणी डोकावू नये. पण दुसऱ्याच्या मेलेल्या बापाचे नाव ती वापरते, आणि त्या घराला कळवतसुद्धा नाही! आता सांगितले खरे, पण त्या मुलीच्या आईने इतकी वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान खाली घालून काढली असेल, ती कोण भरून देणार? सूनबाई म्हणाल्या, “काकू, तुम्ही फार कडक.” असेन. त्यांनी पुस्तक पुन्हा वाचायला नेले आहे. परत आले की कपाटात ‘सांगत्ये ऐका’च्या शेजारी ठेवावे, एवढी ग्रंथपालबाईंना विनंती आहे.